निडकरांचा राखणदार

आमच्या घराच्या दाराला एक देव होता. देव्हाऱ्यातले देव वेगळे, हा दाराचा. आत शिरताना उजव्या हाताच्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीला, बोटभर लांबीची पितळी नळी दोन खिळ्यांनी ठोकलेली होती. पितळी हे मी ऐकून सांगते. तिचं पितळ मी कधी पाहिलंच नव्हतं. रोज सकाळी आई तिला कुंकू लावायची, आईच्या आधी आजी लावायची, आणि तेलाकुंकवाचे एवढे थर बसले होते की नळीची चांगली जाडजूड लाल शेंग झाली होती. आम्ही त्याला राखणदार म्हणायचो. घरातून निघताना आणि घरात शिरताना त्याला हात लावायचा आणि तीच बोटं ओठांना लावायची. कपाळाला नाही, छातीला नाही, ओठांना. निडी गावात दुसऱ्या कुणाकडे असला देव नव्हता आणि असला नमस्कारही नव्हता. शाळेतल्या पोरी मला चिडवायच्या, "सरू, तुमच्या देवाचा मुका घेता काय गो?" मी म्हणायचे, घेतो, तुमच्या पोटात का दुखतं?

हे घर मूळचं आमचं नव्हे. ते हसाजी तेल्याचं. हसाजीच्या घरचे शनिवारी घाणा बंद ठेवायचे, चूलसुद्धा पेटवायचे नाहीत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. ते यहुदी होते. रोह्याला, अष्टमीला, पेणला त्यांची बरीच घरं होती, आणि एकेक करून ती सगळी इस्रायलला निघून गेली. हसाजीनं जाताना घर माझ्या आजोबांना, विठूला दिलं. दोघांची जिवाभावाची दोस्ती होती. भांडी नेली, पेट्या नेल्या, घाण्याचा बैल विकला, पण दाराची नळी तशीच राहिली. हसाजीला जन्मभर तिला हात लावून बोटं ओठांना लावताना आजोबांनी पाहिलं होतं. त्यांनी तेच पुढे चालू ठेवलं. कुंकू ही आजीची भर. देव म्हटला की कुंकू आलंच, असा तिचा सरळ हिशेब होता.

एकोणीसशे नव्याण्णवच्या पावसाळ्यात राखणदाराचं काम फार वाढलं. माझा मोठा भाऊ सखा फौजेत होता, आणि मे महिन्यात त्याची पलटण कारगिलच्या डोंगरांत गेली. शेजारच्या धोंडुबाईच्या घरी फोन होता. त्यावर एकदा त्याचा आवाज आला, "वर चाललोय, काळजी करू नका," आणि मग काहीच नाही. धोंडुबाईकडेच टीव्ही होता. त्यावर रोज बर्फ, तोफा आणि तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या दिसायच्या. आई टीव्ही बघायची नाही. ती दारात उभी राहायची. सकाळी कुंकू लावताना पूर्वी ती घाईत असायची, आता डोळे मिटून ओठ हलवत बराच वेळ उभी असायची आणि चुलीवरचा भात करपायचा. आम्ही करपलेला भात खायचो.

बाबा त्या दिवसांत पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायचे. त्या वर्षी मंडळांना वर्दीतले गणपती हवे होते, हातात बंदूक, मागे बर्फाचा डोंगर. बाबांनी वर्दीचा हिरवा रंग कालवला, लावला, आणि मालकाला सांगून टाकलं, "बंदूक दुसऱ्या कोणाला द्या रंगवायला." माझं उलट. मी सोळा वर्षांची, दहावी झालेली, आणि माझी देशभक्ती नुसती ऊतू जात होती. मी फौजीची बहीण होते. मी गावातून चालायचे ती मान वर करून, जणू टेकडी मीच घेतलीय.

जुलैतल्या एका शुक्रवारी बाबा दुपारच्या गाडीनेच परतले. त्यांच्यामागून चिखल तुडवत एक मुलगी येत होती. सावळी, कुरळ्या केसांची, आमच्यातलीच वाटावी अशी. पण पाठीवर तिच्याएवढी थैली आणि पायात फौजी बूट. मी आणि आई शेतात भाताचं आवण लावून नुकत्याच आलो होतो आणि मी अंगणात पाय धूत होते. बाबा म्हणाले, "ही पेणच्या बाजारात निडीचा रस्ता विचारत होती. लोकांनी कारखान्यात आणून सोडली. हसाजी तेल्याच्या घरची हाय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिच्या थैलीवर कापडाची एक पट्टी शिवलेली होती, त्यावर कसलीशी चौकोनी अक्षरं आणि खाली इंग्रजीत एक शब्द. मी तो वाचला आणि पुन्हा वाचला. निडकर.

आमचं निडी म्हणजे काय, तर चार आळ्या, एक शाळा आणि एक स्टेशन, जिथे रोह्याची गाडी थांबते न थांबते तोच सुटते. पेणच्या पलीकडच्या माणसाला सांगावं लागतं, नागोठणं आहे ना, त्याच्या पुढे. आणि ते नाव दुसऱ्या देशाच्या फौजेच्या थैलीवर! माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

"मी मिल्का," ती म्हणाली. "दीनाबाईची नात. दीनाबाई या घराची सून व्हती. आगगाडीनं आलो आम्ही, लई पाऊस हाय गो तुमच्याकडं."

आता थक्क व्हायची पाळी आईची. मुलीनं तोंड उघडलं आणि ती आमच्या आजीसारखं बोलली. 'र' तेवढा घशातून काढायची, बाकी सगळं इथलं. पण आत्ताचं नाही, जुनं. मी टीव्ही बघून बघून 'बिलकुल' आणि 'टेन्शन' म्हणायला शिकले होते, आणि ही समुद्रापलीकडे जन्मलेली पोर पोस्टाला तारघर म्हणत होती. तिच्या आजीनं इथून नेलेली भाषा तिथे डब्यात घालून ठेवावी तशी ठेवली होती, आणि ती जशीच्या तशी परत आमच्या अंगणात येऊन उभी होती.

"आत ये गो पोरी, भिजलीस," आई म्हणाली.

मिल्का उंबऱ्याशी आली. मी तिच्या पुढे होते. सवयीनं मी राखणदाराला हात लावला आणि बोटं ओठांना लावली. मागून मला एक बारीकसा आवाज आला, श्वास अडकल्यासारखा. मी वळून बघितलं. मिल्कानं त्या लाल शेंगेला हात लावला होता आणि आपली बोटं ओठांना लावली होती, अगदी माझ्यासारखीच. तिच्या ओठांना कुंकू लागलं. ती तशीच उभी राहिली आणि रडायला लागली.

आम्हाला काही कळेना. मग तिनंच सांगितलं. त्या नळीत चामड्याची गुंडाळी असते आणि त्यावर त्यांची प्रार्थना लिहिलेली असते, देव एकच आहे आणि त्याच्यावर सगळ्या जिवानं प्रेम करा, अशी. यहुदी माणसाच्या प्रत्येक दाराला ती असते.

"म्हंजे तो देव नव्हं?" आईनं घाबरून विचारलं. "आमी पस्तीस वर्सं कुंकू लावतोय."

"देव नाय काकी. देवाचं नाव हाय आत."

"मग झालंच की," आई म्हणाली, आणि तिच्या जिवात जीव आला.

दिवस मावळायच्या आत मिल्कानं आईकडे दोन पणत्या मागितल्या. त्या ओटीवर लावल्या, डोळ्यांवर हात धरले आणि काहीतरी पुटपुटली. तिचा शनिवार सुरू झाला होता. आता उद्या संध्याकाळपर्यंत ती प्रवास करणार नव्हती, काम करणार नव्हती. धोंडुबाई कुंपणावरून बघत होती. ती एकदम ओरडली, "अगो बाय! शनवार तेली परत आले!"

जेवायला वालाचं बिरडं होतं. मिल्का पहिला घास घेऊन थांबली. "आजी करते," ती म्हणाली, "पण तिथले वाल कडू नसतात. ती रोज म्हणते, याला काय चव हाय?" आई खूश झाली आणि तिला आणखी वाढलं. सगळं इतकं छान चाललं होतं. आणि मग मिल्कानं हात धुतले, आईसमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "काकी, आजीनं मला ते दाराचं न्यायला पाठवलंय."

आईचा हात वाढता वाढता थांबला.

मिल्का खाली बघून सांगत गेली. घर सोडायच्या सकाळी दीनाबाई नळी काढायला गेली होती. त्यांच्या शास्त्राप्रमाणे काढायलाच हवी होती. सासऱ्यानं, हसाजीनं, तिचा हात धरला. म्हणाला, इथं विठू ऱ्हाणार हाय, राखणदार काढून कोणाला घर देऊ नये. तिथे गेल्यावर त्यांनी दाराला नवी नळी लावली. नऊ वर्षांनी लढाई झाली आणि दीनाबाईचा नवरा त्यात गेला. तेव्हापासून ती एकच बोलते, आमचा खरा राखणदार निडीला राहिला. आता मिल्काच्या धाकट्या भावाला फौजेत बोलावलं होतं. तिथे सगळ्यांनाच जावं लागतं, मुलींनाही. मिल्का स्वतः नुकतीच सुटली होती. म्हातारीनं अन्न सोडायची धमकी दिली आणि नातीला विमानात बसवलं.

"नाय," आई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण असा 'नाय' मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "माझा पोर डोंगरावर हाय. दीड महिना झाला, हाय का नाय ते कळत नाय. आज तू म्हणतेस दाराची राखण काढून दे. कशी देऊ गो?"

मला तर संताप आला होता. "तुम्ही देश सोडून गेलात," मी म्हणाले, "आणि आता आमचा देव न्यायला आलात?"

"सरू!" बाबा ओरडले.

मिल्का चिडली नाही. "व्हय, सोडून गेलो," ती म्हणाली. "आणि आजी सांगते, आम्हाला कोणी हाकललं नव्हतं. दोन हजार वर्सं ऱ्हायलो, कोणी वाकडं बोललं नाय. तिथं आम्हाला हिंदी म्हणतात, म्हंजे हिंदुस्थानवाले. सव्वीस जानेवारीला आजी नवी साडी नेसते आणि पंधरा ऑगस्टला सगळ्यांना गोड खायला घालते. माझे शेजारी विचारतात, तुमचा देश कुठला? ती म्हणते, दोन पोरं असली तर आई कोणची, असं विचारतात का?" मग आईकडे वळून ती म्हणाली, "तुम्ही नाय म्हणालात ते बरोबर हाय काकी. आता मी मागणार नाय. बघितलं, पुरे झालं."

आणि तिनं खरोखरच पुन्हा मागितलं नाही. पण घरात ते मागणं येऊन बसलं होतं. रात्री आईनं दाराला कडी घातली आणि कडीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली.

शनिवारी मिल्का ओटीवर बसून होती. आई आवणाला गेली नाही. डोकं दुखतं म्हणाली. दिवसभर ती दाराच्या आसपासच काहीबाही करत राहिली. सूप घेऊन बसली, उठली, पुन्हा बसली. तिला मिल्काचा संशय नव्हता, ते मला कळत होतं. तिला स्वतःचीच भीती वाटत होती.

दुपारी धोंडुबाईच्या टीव्हीचा आवाज मोठा झाला. महाराष्ट्रातल्या कुणा जवानाची पेटी गावी आली होती, ते दाखवत होते. आई कानांवर हात ठेवून आत गेली नाही, जशी रोज जायची. ती मिल्काकडे बघत होती. मिल्कानं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

"तुला काय झालं गो?" आईनं विचारलं.

"मी फौजेत काय काम करायचे ठाऊक हाय काकी?" मिल्का म्हणाली. "पोरगा गेला की साहेब गाडी घेऊन त्याच्या घरी जातात. आईला सांगायला. मी साहेबांबरोबर असायचे. आई पडली तर धरायला."

आईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"दार बंद असायचं. साहेब टकटक करायचे त्याच्या आधी मी दाराच्या नळीला हात लावायचे. सवयच ती. आतून रेडिओ ऐकू यायचा, कधी मिक्सरचा आवाज. मला वाटायचं, अजून जरा वेळ टकटक नको. तेवढाच वेळ तिचा पोरगा जिवंत हाय."

आईनं विचारलं, अगदी हळू, "त्या सगळ्या दारांना राखणदार होता?"

"सगळ्या दारांना."

"तरी गेले?"

"व्हय काकी."

पावसाची सर येऊन गेली. पागोळ्या गळत होत्या. आई म्हणाली, "तुझ्या आजीला हे ठाऊक हाय?"

"ठाऊक हाय. तिचा नवरा गेला तवा दाराला नळी होतीच की. तिला सगळं ठाऊक हाय. तरी तिला हेच पायजे."

"मला सुद्दा ठाऊक हाय," आई म्हणाली.

मी त्या दोघींकडे बघत होते. एक माझी आई, जिनं रोह्याच्या पुढे कोलाडपलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, आणि एक जग ओलांडून आलेली पोर. दोघींनाही माहीत होतं की ती नळी कुणाला वाचवत नाही. आणि तरी दोघींना ती हवी होती. मला वाटत होतं की देशासाठी धैर्य लागतं ते डोंगर चढायला. दार राखत बसायला त्याहून जास्त लागतं, हे मला त्या दुपारी, आमच्याच ओटीवर, पहिल्यांदा कळलं. माझी सगळी ऐट गळून पडली आणि मी आईशेजारी जाऊन बसले.

"भाऊ केवढा तुझा?" आईनं विचारलं.

"अठरा. योनातान नाव."

"मिशा फुटल्या?"

"थोड्या," मिल्का म्हणाली, आणि हसताना तिचे डोळे भरले. "त्या काढत नाय तो. मोठा दिसायला पायजे म्हणून."

रविवारी सकाळी उठले तर आई दारात होती. तिनं अंघोळ केली होती, कुंकू लावलं होतं, आणि बाबांकडून पेचकस मागून घेतला होता. बाबा म्हणाले, "रंभा, इचार केलास ना?" ती म्हणाली, "केला. माझा सखा तेवीसचा हाय. हिचा धाकटा हाय. धाकट्याला आधी द्यायचं असतं."

एवढंच. जेवायला बसल्यावर शेवटची भाकरी कुणाला, तसं.

मिल्का धावत आली आणि आईचा हात धरला. "नको काकी. मी मागितलं नाय आता. नको." आईनं तिला बाजूला केलं. खिळे गंजून लाकडात मुरले होते. बाबा पुढे झाले, पण आईनं त्यांनाही हात लावू दिला नाही. तिनं कुंकवाचे थर खरवडून खिळ्यांची डोकी मोकळी केली, पेचकस खाली घातला आणि दात आवळून उचकटलं. पहिला खिळा सुटला तेव्हा तिच्या तोंडून हुंदका बाहेर पडला, आणि दुसरा तिनं रडतरडतच काढला. मग नळी पदरात धरली, ओठांना लावली आणि मिल्काच्या ओंजळीत ठेवली.

"कुंकू पुसू नका," ती म्हणाली. "पुसायचं तुमच्यात असंल तर पुसा. पण मला सांगू नका."

मिल्कानं वाकून आईच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांच्यात माणसाच्या पाया पडत नाहीत म्हणे. तिनं ठेवलं.

मी तिला स्टेशनवर सोडायला गेले. रोह्याहून गाडी यायला अवकाश होता. ती म्हणाली, "तुझा राग गेला का गो?" मी म्हटलं, "नाय." मग गाडी आली, आणि मी तिला घट्ट मिठी मारली, एवढी घट्ट की तिच्या थैलीच्या पट्ट्यात माझी बांगडी फुटली. गाडी पेणच्या बाजूला वळेपर्यंत थैलीवरचं आमच्या गावाचं नाव मला खिडकीत दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेहमीसारखी करंडा घेऊन दारात गेली. चौकटीवर आता फक्त बोटभर लांबीचा उजळ पट्टा आणि दोन भोकं होती. मला वाटलं ती परत येईल. तिनं त्या उघड्या लाकडावर कुंकवाचं एक बोट लावलं. मग त्याशेजारी दुसरं.

"दुसरं कोणाला?" मी विचारलं.

"योनातानला. त्याच्या आजीच्या हाताला रोजची सवय नाय ना. ती लागंस्तवर आपण लावू."

ते आठवडे मी कधी विसरणार नाही. लढाई संपली, टीव्हीवर विजयाच्या मिरवणुका लागल्या, आणि सखाचा फोन नाही. धोंडुबाई मनानं वाईट नव्हती, पण तिला तोंड आवरायचं नाही. "हातानं राखणदार काढून दिलास रंभे," ती म्हणाली, "आता देवाला काय तोंड दाखवणार?" त्यानंतर रोज रात्री झोपेत आई दात खायची आणि मला ते ऐकू यायचं. मी मनातल्या मनात मिल्काला शिव्या द्यायचे, मग तिच्या भावाची आठवण यायची आणि शिवी अर्धीच राहायची.

ऑगस्ट सरता सरता धोंडुबाई कुंपणाशी येऊन बेंबीच्या देठापासून ओरडली. आई भाताच्या खाचरातून धावत आली, चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेली, तशीच धोंडुबाईच्या ओटीवर चढली. फोन कानाला लावला. नुसती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "जेवलास का?"

दिवाळीआधी दुसरा एक फोन आला, फार लांबून, आवाज मागेपुढे होत होता. मिल्का होती. नळी दाराला लावली होती. दीनाबाईनं कुंकू कुणाला पुसू दिलं नव्हतं. शेजारचे विचारतात, हे लाल काय? ती सांगते, हे निडीचं हाय. योनातान चौकीवर होता, बरा होता.

सखा आला तो भातकापणी आटोपल्यावर. गावानं त्याला स्टेशनवरून वाजतगाजत आणलं. वाळला होता, बर्फानं कान काळे पडले होते, आणि हसताना मधेच थांबायचा. घरात शिरताना त्याचा हात आपोआप चौकटीकडे गेला आणि नुसत्या लाकडावर पडला. त्यानं बोटं बघितली, कुंकू लागलं होतं. आईनं आणि मी त्याला सगळं सांगितलं. मला भीती वाटत होती की त्याला वाईट वाटेल. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "म्हंजे हा दुसरा टिळा माझ्या भावाचा."

"धाकट्या," आई म्हणाली.

शाळेत त्याचा सत्कार झाला. पोरांनी विचारलं, किती मारले? त्यानं पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. पण सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी, आम्ही तिघं ओटीवर बसलो असताना, त्यानं आपणहून सांगितलं. टेकडी घेतल्यावर वर समोरच्या बाजूची माणसं पडलेली होती. त्यांना न्यायला कुणी आलं नाही. मग यांनीच दगड सरकवून खड्डे केले आणि त्यांना पुरलं, त्यांच्या रीतीप्रमाणे, पलटणीतला एक मौलवी होता त्यानं दुवा म्हटली. "एक पोर होता," सखा म्हणाला. "मिशासुद्दा धड नव्हत्या. माझ्याच हातानं त्याच्यावर दगड रचले." एवढं बोलून तो उठला आणि विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आला.

सकाळी त्याची गाडी होती. मी त्याची ट्रंक दाराशी आणून ठेवली. आई करंडा घेऊन आली आणि चौकटीवर दोन बोटं लावली, एक सखाचं, एक योनातानचं. सखा वर्दीत उभा होता. त्यानं आईच्या हातातल्या करंड्यात बोट बुडवलं आणि त्या दोन टिळ्यांच्या शेजारी तिसरा लावला.

आईनं त्याच्याकडे बघितलं. "हा कोणाचा?"

"त्या पोराचा," सखा म्हणाला. "नाव नाय कळलं."

आईनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि करंडा बंद केला. मी आणि बाबांनी त्याची ट्रंक उचलली आणि आम्ही स्टेशनवर गेलो. गाडी नेहमीसारखी थांबली न थांबली तोच सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात उभी राहून बघत होते. आईनं तीन टिळे लावले.